ढब्बूला रक्त हवंय

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर आडव्या पडलेल्या ढब्बूच्या हिरड्या बोटाने दाबून पाहिल्या आणि आजच्या आज रक्त द्यावं लागेल असं सांगितलं. गोचीडतापाने कुत्रा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, कुलूपवाल्याच्या मनात आधी संशय आला.

आयुष्यभर कुलपं दुरुस्त करून जगात चोरच जास्त आहेत अशी त्याची खात्री झाली होती. गल्लीत त्याला 'डबल कुलूप' म्हणत. ढब्बूवर मात्र त्याचा फार जीव, कारण त्याच्या मते घरात बेइमानी न जमणारा तेवढा एकच होता.

रक्त कुणाचं, कुठल्या गटाचं, तपासलं कुणी, अशी त्याने सरबत्ती सुरू केली. कुत्र्यांतही रक्तगट असतात, पण पहिल्याच वेळी गट जुळला नाही तरी सहसा निभावतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढ्यावरून त्याला त्यांच्या पदवीबद्दल शंका आली.

"दुसऱ्या वेळी मात्र धोका असतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या रक्ताशी झुंजायची तयारी शरीराने करून ठेवलेली असते. याला आधी कधी रक्त दिलंय?"

"कधीच नाही. माझ्या नजरेआड आमच्या घरात काही होत नाही."

त्याची बायको भिंतीवरचा लसींचा तक्ता मन लावून वाचू लागली. तिचा चष्मा पर्समध्ये होता.

रक्त द्यायला मोठं, धडधाकट कुत्रं हवं होतं. बायकोने बाहेर जाऊन फोन केला आणि थोड्याच वेळात दारात कुलूपवाल्याचा थोरला भाऊ आपल्या धिप्पाड काळ्या कुत्र्याला घेऊन उभा राहिला. तोही कुलूपवालाच. वडील गेले तेव्हा त्यांची लाकडी मुठीची कानस पेटीतून नाहीशी झाली होती. ती दादानेच ढापली, असं धाकट्याने ठरवून टाकलं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं.

हिच्याकडे दादाचा नंबर कसा? दादा एका हाकेला कसा आला? आणि मान उचलायची ताकद नसलेल्या ढब्बूने त्या काळ्याला पाहून शेपटी का हलवली? कुलूपवाल्याचं डोकं गरगरायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी काळ्याच्या मानेवरचे केस काढले. सुई हातात घेतली. तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा."

मग एकेक बाहेर आलं. गेल्या वर्षी तो परगावी गेला असताना ढब्बूने उंदरांचं औषध खाल्लं होतं. ते कपाटामागे त्यानेच ठेवलेलं. बायको दूध आणायला बाहेर पडली, दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली. खिडकीतून पाहते तर ढब्बूच्या नाकातून रक्त येतंय. दादा धावत आले, दार उघडलं, दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि याच काळ्याचं रक्त देऊन ढब्बूला वाचवलं.

"तेव्हा चाललं, म्हणजे आताही चालेल असं वाटलं मला," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत."

कुलूपवाला भावाकडे वळला. "दार उघडलंस? माझं कुलूप?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"फार नाही," दादा जमिनीकडे बघत म्हणाला.

"कुलपाचं नंतर बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि आतल्या खोलीत जाऊन जुळवून पाहिले. बाहेर आल्या त्या मान हलवतच. काळ्याचं रक्त आता ढब्बूला चालणार नव्हतं. न तपासता चढवलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

बायको बाकावर बसली. कुलूपवाला पहिल्यांदाच खराखुरा घाबरला. ती गप्प राहिली असती तर, हा विचार त्याला सोसवेना. तो तिच्या शेजारी बसला. दादा मात्र केव्हाच उठला होता. तो घरी जाऊन आपली दुसरी कुत्री, तांबडी, घेऊन आला. तिचं जुळलं.

ढब्बूला थेंबथेंब रक्त चढत होतं तेवढा वेळ दोघे भाऊ एकाच बाकावर बसून होते. कानशीचा विषय धाकट्याच्या जिभेवर आला होता, तो त्याने गिळला.

आठवड्याभराने ढब्बू पोस्टमनवर भुंकला. त्याच संध्याकाळी कुलूपवाला दादाच्या दुकानात गेला आणि घराची जादा किल्ली त्याच्यापुढे धरली. आजवर ती त्याने बायकोलाही दिली नव्हती.

"किल्ली कशाला?" दादा म्हणाला. "मागच्या वेळी कुठे लागली होती?"

"असू दे तुझ्याकडे."

"बरं. अडकव तिथे." दादाने मान न उचलता भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर खिळ्यांची रांग होती. त्यातल्या एका खिळ्यावर लाकडी मुठीची जुनी कानस टांगलेली होती. मुठीवर वडिलांच्या अंगठ्याने पडलेला खळगा अजून तसाच होता.

कुलूपवाल्याने ती ओळखली. जन्मभर घेतलेल्या संशयांपैकी एक तरी खरा निघाला होता. त्याने शेजारच्या खिळ्यावर किल्ली अडकवली आणि विचारलं, "तांबडी कशी आहे रे, दादा? जेवते ना नीट?"