कालच येऊन गेलात की!

लेकीच्या लग्नाला सव्वा महिना उरला होता आणि पाहुण्यांच्या यादीत दोन रकाने होते. 'आईकडचे' या रकान्यात एकशे चौदा नावं होती. 'बाबांकडचे' या रकान्यात फक्त एक उभी रेघ होती, आणि तीही रकाना आखताना ओढलेली.

"अहो, एक तरी नाव सांगा," बायको म्हणाली, "नाहीतर हा रकाना खोडते. माझ्या आतेभावाची माणसं बसतील तिथं."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. भर बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या शहराची नाकं त्यांना पाठ होती, पण स्वतःच्या नाकासारखं नाक त्यांनी आरशाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ते एकुलते एक, त्यांचे वडीलही एकुलते एक. आजोबा तरुणपणी गाव सोडून आले ते मागचं नाव न काढण्याच्या बोलीवर. "मला रक्ताचं माणूस नाही," असं चष्मेवाले वर्षातून एकदा, बायकोचे पाचही भाऊ जेवून उठले की हात धुताना म्हणत आणि कुणी मनावर घेत नसे. या वेळी मात्र ते त्यांना फार लागलं. एका जुन्या फोटोच्या पाठीवर पणजोबांच्या गावाचं नाव होतं. मंगळवारी त्यांनी काचा आणायच्या म्हणून दिवसभर बाहेर राहून दुकानाचं काम उरकलं आणि बुधवारी पहाटे तिघं गाडीनं निघाले. गाडी लेक चालवत होती.

पहिला मुक्काम जिल्ह्याचा दफ्तरखाना. तो तळघरात होता. भर दिवसा दिवे लागलेले, भिंतींना ओल आणि कपाटांच्या मागून कुणीतरी सावकाश पानं उलटत असल्यासारखा आवाज. दफ्तरदारानं मान वर केली.

"परत आलात?"

"परत? मी पहिल्यांदाच येतोय."

"बरं," दफ्तरदार म्हणाला. वाद घालायचा त्याला पगार मिळत नव्हता. "तुमचं दफ्तर अजून टेबलावरच आहे. कालची खूण काढलेली नाही."

खूण घातलेल्या पानावर पणजोबांचं नाव होतं आणि घराचा क्रमांक. खालच्या ओळी कसरीनं खाऊन टाकल्या होत्या. येणाऱ्यांच्या वहीत सही करायला चष्मेवाल्यांनी पेन उघडलं आणि हात तसाच राहिला. वरच्याच ओळीत त्यांचं आडनाव होतं. आडनावाखाली नागमोडी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही टिंबं आपण सातवीत असताना स्वतः शोधून काढली, असा त्यांचा आजवर समज होता. तारीख कालची होती.

"काल तुम्ही काचा आणायला गेला होतात ना?" बायकोनं अगदी हळू आवाजात विचारलं.

"अगं, काचाच आणल्या!"

"कुठायत?"

"दुकानात ठेवल्यात."

"असं का," बायको म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या 'असं का'नं भल्याभल्या सबबींचा निकाल लागला होता.

शहर मागे पडलं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर ते उतरले, तर टपरीवाल्यानं न विचारता चष्मेवाल्यांपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि त्यात चमचाभर थंड पाणी घातलं. असा चहा पृथ्वीच्या पाठीवर आपण एकटेच पितो हे चष्मेवाल्यांना ठाऊक होतं, कारण त्यावरून त्यांना घरी रोज बोलणी बसत.

"बाईंना बरं वाटतंय का आता?" टपरीवाल्यानं विचारलं. "काल गाडी लागली होती ना त्यांना."

बायको पुढे झाली. "मला?"

त्यानं तिला न्याहाळलं. "तुम्ही नव्हे. त्या निळ्या स्वेटरातल्या."

पुढच्या चाळीस मैलांत लेकीनं एकदा रेडिओ लावला आणि आईकडे पाहून बंद केला.

संध्याकाळी ते एका लहानशा गावातल्या लॉजवर पोचले. मालकीणबाई दिवा घेऊन पायऱ्यांवरच उभी होती. "मला वाटलंच तुम्ही परत येणार," ती म्हणाली आणि तिनं पदराआडून एक चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "सकाळी उशाशी विसरून गेलात. झोपेत किती बोलता हो! 'मला कुणी नाही, मला कुणी नाही,' रात्रभर आपलं तेच."

चष्मेवाल्यांनी सवयीनं चष्मा डोळ्यांपासून लांब धरला आणि काच वर-खाली हलवली. उजवी उणे सव्वादोन. डावी उणे पावणेचार. मग काच गोल फिरवून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली. डावीत सिलिंडरचा तिरपा नंबर, तोही एकशेदहा अंशांवर. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून तो घातला. मालकीणबाई, दिवा, लांबच्या कुंपणाच्या तारा, सगळं स्वच्छ दिसत होतं. तीस वर्षांच्या धंद्यात हा नंबर त्यांनी एकाच माणसाला दिला होता, आणि तो माणूस आता पायरीवर बसला होता.

"उद्या घरी जाऊ," ते म्हणाले. "स्वतःच स्वतःला भेटलेला माणूस फार दिवस काढत नाही म्हणतात. राहू दे तो रकाना रिकामा."

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "मला ती निळ्या स्वेटरातली बघायचीय."

सकाळी धुकं इतकं दाट होतं की लेक खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होती. गावाच्या तोंडाशी चरात नाक खुपसून एक करडी गाडी उभी होती. त्यांचीही गाडी करडीच होती. त्या गाडीची चारही दारं उघडी आणि आत कुणी नाही. गावातली निम्मी घरं कुलूपबंद, उरलेल्यांना कुलूप घालावं असं काही उरलेलं नाही. एक म्हातारा काठी टेकत समोरून आला, चष्मेवाल्यांना पाहून थबकला आणि त्यानं वर पणजोबांच्या घराकडे बोट केलं.

"आत्ता तर वर गेलात," तो म्हणाला. "खालनं कसे आलात?" उत्तराची वाट न पाहता तो धुक्यात जितकं पळवेल तितका पळाला.

दगडी दोन खोल्यांचं घर होतं. दार ढकलताच उघडलं. "तुम्ही पुढं व्हा," बायको म्हणाली. संशय तिचा होता, पण जीव यांचा जाणार होता. चष्मेवाले बाहेरची खोली ओलांडून आतल्या काळोख्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि समोर स्वतःलाच पाहून किंचाळणार, तेवढ्यात त्यांना हायसं वाटलं. समोर आरसा होता. त्यांनी घसरलेला चष्मा बोटानं वर सरकवला. आरशातल्या माणसानंही सरकवला.

मग त्यांच्या लक्षात आलं की आरशातल्या माणसाच्या नाकावर चष्माच नव्हता. त्यानं नसलेला चष्मा वर सरकवला होता.

 समोरच्यानं डोळे बारीक केले.

"इथं आरसा कुणी लावला?" तो चष्मेवाल्यांच्याच आवाजात म्हणाला. "काल तर नव्हता!"

दोघं एकाच वेळी ओरडले, एकाच वेळी मागे वळले आणि दोघांनीही आपापल्या बाजूच्या दारात कपाळ आपटून घेतलं.

परसदारातून निळा स्वेटर घातलेल्या एक बाई धावत आल्या. त्यांनी आधी कपाळ धरलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग कपाळ धरलेल्या चष्मेवाल्यांकडे आणि मटकन खाली बसल्या.

"देवा," त्या म्हणाल्या, "आणखी एक?"

चष्मेवाल्यांच्या बायकोचा राग जागच्या जागी विरघळला. "तुमचेही चहात थंड पाणी घालतात?"

"आणि वर म्हणतात, चव वाढते! अहो, चष्मा विसरलाय, मागं फिरा म्हटलं, तर नाही. मी सांगतेय, डावीकडे खांब, उजवीकडे म्हैस. ह्यांनी खांब चुकवला, म्हैस चुकवली आणि चरात गेले. कालपासून अडकलोय."

चष्मेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला आणि हात लांब करून, शक्य तितकं दूर उभं राहून, त्या माणसाला दिला. त्यानं तो घातला. दोघांनी एकमेकांना स्वच्छ पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला शिंपीकाम करत होता. त्याच्या आजोबांनीही हेच गाव सोडलं होतं आणि तेही मागचं नाव कधी काढत नसत. दोघांचे पणजोबा एकच, म्हणजे दोघांचे आजोबा सख्खे भाऊ होते. चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथं त्याला लेकीच्या लग्नाची तारीख सांगितली. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना भाऊ झाला होता.

"म्हणजे तुम्ही धाकट्या पातीचे," शिंपी डोळे पुसत म्हणाला.

"का बरं?"

"थोरले आमचे आजोबा."

"कोण म्हणतं?"

"आमचे आजोबा."

"आमचे आजोबाही हेच म्हणायचे. आणि ते खोटं बोलत नसत!"

"म्हणजे आमचे बोलत होते?"

कागद कसरीनं खाल्लेला, साक्षीदार मेलेले. मग काय, आवाजच पुरावा झाला. एकाच आवाजातलं ते भांडण बाहेरून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी कडाकडा भांडतोय असं वाटलं असतं. त्या दोन भावांनी याच खोलीतून दोन दिशांना तोंडं का फिरवली असतील, हे लेकीला एकदम कळलं.

"लग्नाला माझी वाट पाहू नका!" शिंपी गरजला.

"बोलावलंय कुणी!" चष्मेवाले गरजले आणि बायकोलेकीला घेऊन तरातरा गाडीत जाऊन बसले.

गाडी धुक्यातून उतार उतरू लागली. अर्ध्या वाटेवर बायकोनं वळून पाहिलं. "अहो, रडताय?"

"तो रुसला गं," चष्मेवाले म्हणाले. "परका माणूस कशाला रुसेल? माझ्यावर आजवर कुणी रुसलंच नाही."

"मग जा, समजूत काढा."

"समजूत काढायला धाकट्यानं जायचं असतं."

बायको 'असं का'सुद्धा म्हणाली नाही. गाडी पुढची दोन वळणं उतरली.

"बाळ, गाडी फिरव," चष्मेवाले म्हणाले. "मी धाकटा."

लेकीनं गाडी फिरवली आणि लगेच करकचून ब्रेक लावला. धुक्यातून एक माणूस धापा टाकत, अडखळत थेट गाडीपुढे आला होता. चष्मेवाले दार उघडून धावले. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि दोघांच्या तोंडून एकाच दमात शब्द बाहेर पडले,

"मी धाकटा!"

दोघांनीही एकदमच चष्मा वर सरकवला.

"छे, छे, थोरले तुम्हीच," शिंपी म्हणाला.

"असं कसं? आता तुमचे आजोबा खोटं बोलत होते म्हणायचं का?"

"माझ्या आजोबांचं नाव काढायचं नाही! मी धाकटा म्हणजे धाकटा!"

"अरे वा! कोण म्हणतं?"

लेकीनं गाडीचं इंजिन बंद केलं. हे लवकर मिटणारं नव्हतं.