‘चिद्वादी’ म्हणायचं कोणाला

खिल्लारे सरांसमोर कोणी शब्द ढिसाळ वापरला तर ते सहसा कानाडोळा करत. ‘चिद्वादी’ मात्र जपून उच्चारावा लागे. वसमतच्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत, मी इतिहास. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका सत्कारात प्राचार्यांनी कौतुकानं त्यांना ‘चिद्वादी व्यक्तिमत्त्व’ म्हटलं. सर गळ्यातल्या हारासकट उभे राहिले. “शब्द माघारी घ्या. मी न्हाई तसा.”

प्राचार्यांना ध्येयवादी म्हणायचं होतं. बाकीचेही असंच करत. कोणी स्वप्नाळू माणसाला चिद्वादी म्हणे, कोणी देवभोळ्याला. मग सर खडू घेत. खडू नसला तर टेबलावर बोटानं लिहीत. “चिद्वादी म्हणजे जो म्हणतो, जे काही हाय ते मनातच हाय. मनाबाहेर वस्तू न्हाई. मोंढ्यात लिलावाला आलेली हळदसुद्धा पाहणाऱ्याच्या मनातच पिवळी. अडत्याला सांगून पाहा बरं.”

सरांना स्वतःला हे मत मुळीच मान्य नव्हतं. “ठेच लागली की बोट ठणकतं ना? मग दगड हाय,” एवढ्यावर त्यांचा निकाल. मग त्या शब्दाची इतकी राखण कशाला, असं मी एकदा विचारलं.

“पटत न्हाई म्हणून काय झालं? नाव तरी बराबर घ्यावं माणसाचं.”

हे मला आवडलं. पुढे अर्धा तास तेच सांगत राहिले, ते तितकंसं आवडलं नाही.

दर शनिवारी सर आणि वहिनी एसटीनं जवळा बाजारला, गावी जात. गाडी लागली की सर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. वहिनींचे गुडघे दुखायचे, त्या मागून सावकाश चढत. एका उन्हाळ्यात वहिनी काविळीनं गेल्या.

महिन्याभरानं मी त्याच गाडीत होतो. गाडी खच्चून भरलेली. सरांशेजारच्या जागेवर रुमाल होता. एका पागोटेवाल्यानं विचारलं, “इथं कोण हाय?”

“येऊन राहिल्यात,” सर म्हणाले.

गाडी सुटली. तो माणूस पुटपुटत पुढे सरकला. आमच्यात चेष्टेची जुनी सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, शेवटी चिद्वादी झालात व्हय?” लगेच माझी मलाच लाज वाटली.

सर रागावले नाहीत. वर्गात सांगावं तसं म्हणाले, “न्हाई. चिद्वाद्याला जागा धरावी लागत न्हाई. त्याच्यासाठी त्या बसलेल्याच असतात.”

मग त्यांनी रुमाल उचलला, त्याची नीट घडी केली आणि पुढे हाक मारली, “मामा, या. बसा इथं.”