अठरावी सुई

यालिनने सुया तिसऱ्यांदा मोजल्या आणि तिसऱ्यांदाही त्या सतराच भरल्या.

टोचल्या होत्या अठरा. समोरच्या कागदावर तिच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं : गुडघ्यांना आठ, पावलांना चार, मनगटांना चार, कानांमागे दोन. पेशंट होते ओयांग आजोबा, वय चौऱ्याहत्तर, तक्रार गुडघेदुखीची आणि झोप न येण्याची. झोप न येणारे हे आजोबा सुया टोचून होण्याआधीच घोरायला लागले होते, आणि काढून झाल्यावर डोळे चोळत, डोक्यावर लोकरीची टोपी चढवत निघूनही गेले होते.

"सिस्टर, एक सुई कमी आहे," यालिन अगदी बारीक आवाजात म्हणाली.

सिस्टर फान औषधांच्या कपाटाशी बोरांच्या बिया तोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कमी कशी असेल? नीट मोज."

"तीनदा मोजल्या."

आता मात्र सिस्टरांनी तराजू खाली ठेवला. चीनमधल्या चेंगदू शहराच्या त्या अ‍ॅक्युपंक्चरच्या शिकाऊ दवाखान्यात सुई हरवणं ही साधी गोष्ट नव्हती. तिथले प्रमुख क्वांग सर सव्वीस वर्षं शिकवत होते आणि सव्वीस वर्षं त्यांनी एकच नियम घोकून घेतला होता : जेवढ्या आत, तेवढ्या बाहेर. ज्याच्या हातून एखादी सुई पेशंटच्या अंगात राहून जाईल, त्याने आपल्या चुकीची हकिगत कुंचल्याने मोठ्या अक्षरात लिहायची आणि ती महिनाभर दारातल्या फळ्यावर लावायची. गेल्या वर्षी एका मुलाची लागली होती. येणारे पेशंट ती मोठ्याने वाचायचे आणि वर शुद्धलेखनाच्या चुकाही काढायचे.

यालिनचं पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं हे शेवटचं वर्ष. सोमवारी तोंडी परीक्षा होती. त्याआधी तिच्या कामाच्या वहीवर क्वांग सरांची सही हवी होती, आणि सर आज पाच वाजता सह्या करायला येणार होते. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"सकाळपासून काढ्यांतल्या औषधांची नावं पुटपुटत सुया काढत होतीस तू," सिस्टर फान म्हणाल्या. "बोरांच्या बिया, ज्येष्ठमध... राहिली असेल एखादी त्यांच्या पायात. फोन कर त्यांना. मी इथे चुंबक फिरवून बघते."

यालिनने फोन लावला. रिंग वाजली. आजोबा झोपले होते त्या खाटेवरच्या उशीखालून एक जुनं चिनी ऑपेरागीत ठणाठणा सुरू झालं.

"वा," सिस्टर म्हणाल्या. "फोन इथे आणि सुई तिथे."

यालिनने आजोबांचा फोन खिशात टाकला, कागदावरचा पत्ता वाचला आणि पांढरा कोट न उतरवताच धावत सुटली. रस्त्यात तिला भाड्याची एक सायकल मिळाली. तिचं सीट इतकं खाली होतं की पायडल मारताना गुडघे हनुवटीला लागत होते. सुई पावलात असेल आणि आजोबांनी पाय जोरात टेकला तर? गुडघ्यात असेल आणि गुडघा वाकवला तर? दर चौकात तिला नवी शंका येत होती.

दार ओयांग आजींनी उघडलं. हातात मिरच्यांची परात, अंगावर नाचाच्या तालमीचा जांभळा पोशाख.

"आजोबा आहेत?"

"घरात? या वेळी? पोरी, तो घरात असता तर मी इतकी आनंदात दिसले असते का?" आजींची नजर पांढऱ्या कोटावर गेली. "काय झालं? त्याने तुमच्याकडे काही तोडलंमोडलं का?"

"नाही हो आजी. म्हणजे... सुया काढताना... बहुतेक एखादी राहिली असावी. त्यांच्या अंगात."

आजींनी परात खाली ठेवली. आता या ओरडतील, असं वाटून यालिनने मान खाली घातली.

"अंगात म्हणजे नेमकी कुठे?"

"तेच कळत नाहीये."

"डोक्यात नसणार," आजी ठामपणे म्हणाल्या. "त्या माणसाच्या डोक्यात बावन्न वर्षांत मी काही घालू शकले नाही, तू एका दुपारी काय घालणार! चल, तो कुठे असतो ते मला ठाऊक आहे. बस मागे."

मागे म्हणजे आजींच्या विजेवरच्या स्कूटरवर. हेल्मेट एकच होतं, गुलाबी, त्यावर मांजराचे कान. ते आजींनी यालिनच्या डोक्यावर थापलं. "तू घाल. तुझं शिक्षण अजून पुरं व्हायचंय. माझं काय जायचंय!"

आणि त्या सुटल्या. भाजीवाल्यांच्या टोपल्यांमधून, घरपोच जेवण नेणाऱ्या मोटारसायकलींमधून, एकदा तर एका वाढदिवसाच्या केकला वळसा घालून. यालिन डोळे मिटून आजींच्या कमरेला घट्ट धरून बसली होती. मधेच आजी ओरडून विचारत होत्या, "ती सुई फिरत फिरत काळजापर्यंत जाते, हे खरं का गं?"

"नाही हो! अजिबात नाही!"

"हां. मग जरा हळू चालवते," आजी म्हणाल्या, पण चालवली नाही.

नदीकाठच्या चहा प्यायच्या बागेत पोहोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. झाडांखाली बांबूच्या खुर्च्या दाटीवाटीने मांडलेल्या होत्या. झाकणाच्या वाट्यांतला चहा, भोपळ्याच्या बियांची टरफलं आणि सगळीकडे माजोंग या चौघांच्या खेळातल्या सोंगट्यांचा खळखळाट. कोपऱ्यातल्या टेबलावर ओयांग आजोबा बसले होते. टोपी डोक्यावर होती.

या टेबलावर हरणाऱ्याच्या तोंडावर कागदाची एक पट्टी चिकटवायची, असा रिवाज होता. रोज संध्याकाळी ओयांग आजोबा घरी येत तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्ट्यांच्या खुणा असत. आज मात्र त्यांचा चेहरा स्वच्छ होता. समोरच्या पेई काकूंच्या भुवयांवरून सहा पट्ट्या लोंबत होत्या. निवृत्त बसचालक लोंग यांना तर श्वास घेताना पट्ट्या उडवाव्या लागत होत्या. चौथे गृहस्थ कोण होते, ते पट्ट्यांमुळे ओळखू येत नव्हतं.

"ही माझी बायको," आजोबा दुरूनच ओरडले. "सहा! सलग सहा डाव! ऐकलंस का? सहा!"

"पायजमा वर कर," आजी म्हणाल्या.

"काय?"

"गुडघ्यापर्यंत वर कर. डॉक्टरीणबाईंना बघायचंय."

"इथे? सगळ्यांसमोर?"

यालिन तोवर जमिनीवर बसलीही होती. तिने उजवा गुडघा पाहिला, डावा पाहिला, पोटऱ्यांवरून हात फिरवला. मग बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. आजी खेकसल्या, "हे मोजे मी फेकले होते ना!" आजोबा एका हाताने पायजमा सावरत दुसऱ्या हाताने सोंगट्या लावत होते, कारण सातवा डाव रंगात आला होता. आसपासच्या टेबलांवरची मंडळी खुर्च्या वळवून बसली.

पाय संपले. मनगटं पाहून झाली. कानांमागे पाहिलं. सुई कुठेच नव्हती. म्हणजे ती रस्त्यात पडली. म्हणजे आता ती कधीच सापडणार नाही. तिच्या डोळ्यांसमोर फळ्यावरची आपलीच हकिगत तरळायला लागली, कुंचल्याच्या मोठ्या अक्षरांत.

तेवढ्यात आजोबांना पुढची चाल सुचेना म्हणून त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवायला हात वर नेला.

"थांबा!" यालिन किंचाळली.

टकलाच्या अगदी मध्यावर, चामडीलगत आडवी, एक सुई चमचम करत होती.

आजी हळूच म्हणाल्या, "घातलंच की कोणीतरी त्याच्या डोक्यात काहीतरी!"

"ही होय?" आजोबांनी बोट जवळ नेलं. यालिनने ते वरच्यावर पकडलं. "ही तुम्ही लोकांनीच टोचलीत की! मला वाटलं, ही वरची घरी न्यायची असते."

डोक्यावर आपण सुई कधी टोचली, हे यालिनला काही केल्या आठवेना. पण सुई समोर होती आणि घड्याळ धावत होतं. तिने खिशातून कापूस काढला. "आजोबा, मान खाली करा. एका क्षणात काढते."

"हात लावू नकोस!" आजोबा टोपीसकट मागे सरले. "तीन वर्षांत मी एकही डाव जिंकलो नव्हतो. आज सहा जिंकलो. का? आता कळलं ना का?"

"म्हणजे ही लबाडी आहे!" लोंग उठून उभे राहिले. त्यांच्या चार पट्ट्या चहात पडल्या. "डोक्यात यंत्र बसवून खेळतो हा! सहाही डाव रद्द!"

"यंत्र नाही, सुई आहे ती," यालिन म्हणाली.

"तेच ते. काढा आधी!"

"काढू नका," पेई काकू मधेच म्हणाल्या. त्या इतका वेळ विचार करत होत्या. "आम्हालाही एकेक लावा, म्हणजे खेळ बरोबरीचा होईल."

मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "इकडेही चार!" बघता बघता पाच-सहा म्हातारी डोकी यालिनसमोर वाकली. एकाने तर केसांचा टोप काढून हातात धरला.

"अहो, असं बाहेर टोचता येत नाही! माझं शिक्षण चालू आहे अजून!" यालिन काकुळतीला आली. "आणि ती जागा माजोंगसाठी नसते. चक्कर येते, डोकं जड होतं, झोप लागत नाही, त्यासाठी असते. आजोबा, माझी सोमवारी परीक्षा आहे हो. ही सुई परत नेली नाही तर मला बसू देणार नाहीत."

आजोबांचा चेहरा जरा पडला. त्यांनी हातातल्या सोंगट्यांकडे पाहिलं, मग यालिनकडे. "हा एवढा डाव होऊ दे," ते म्हणाले. "मग काढ. शब्द देतो."

तो डावही ते जिंकले. लोंग यांच्या नाकाला आता पट्टी लावायला जागा नव्हती, म्हणून ती कानाला लावली. आजोबांनी मान खाली घातली, यालिनने कापूस धरून अलगद सुई काढली, रिकाम्या डबीत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि आजोबांचा फोन त्यांच्यासमोर ठेवला.

पुढचा डाव चार मिनिटांत आटोपला. आजोबा असे हरले की पाहणाऱ्यांनाही वाईट वाटावं.

"परत लाव!" ते खुर्चीवरून उठले.

पण तोवर आजींनी स्कूटर सुरू केली होती.

पाचला दोन मिनिटं कमी असताना यालिन दवाखान्यात शिरली. क्वांग सर टेबलाशी बसून वह्या चाळत होते. सिस्टर फान शेजारी उभ्या होत्या. मांजराच्या कानांचं हेल्मेट आपल्या डोक्यावरच आहे, हे तिला सरांची नजर पाहून कळलं.

खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं. तिने डबी उघडून एका रिकाम्या ताटलीत सुई ठेवली. "सर, माझी एक सुई ओयांग आजोबांच्या अंगात राहिली होती. मी जाऊन काढून आणली. हकिगत आजच लिहिते."

"कसली सुई?" सिस्टर फान म्हणाल्या. "तुझी तर मिळाली. खाटेच्या चाकाला चिकटली होती, चुंबकाला लागली." त्यांनी दुसरी ताटली पुढे सरकवली. त्यात अठरा होत्या.

अठरा आणि ही एक. यालिनने पुन्हा मोजल्या. या वेळी एकोणीस भरल्या.

क्वांग सर पुढे वाकले. त्यांनी चिमट्याने ती एकोणिसावी सुई उचलून उजेडात धरली. बाकीच्या सगळ्या सुयांच्या मुठी साध्या पोलादी होत्या. हिच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. तांब्याच्या मुठीच्या सुया त्या दवाखान्यात एकच माणूस वापरत होता.

सरांचे कान हळूहळू लाल झाले.

"सुया काढून तू काढा गाळायला आत गेली होतीस," ते सुईकडेच बघत म्हणाले. "मी दुपारी दोन मिनिटं डोकावलो होतो, खाटेजवळून जात होतो. ते म्हणाले, डोकं जड आहे. म्हटलं, जाता जाता एक टोचू. तेवढ्यात मला फोन आला."

"आणि कागदावर लिहायचं?" सिस्टर फाननी अगदी मऊ आवाजात विचारलं.

सिस्टर फान कपाटाकडे गेल्या. त्यांनी तिथून मोठा पांढरा कागद, शाईची वाटी आणि सगळ्यांत जाड कुंचला काढला आणि सरांसमोर मांडून ठेवला, जसं एखाद्याला आदराने जेवायला वाढावं. यालिन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, आणि हसू थांबवण्याचा तिने खूप प्रयत्न केला.

सरांनी हकिगत लिहिली. चांगली ऐसपैस लिहिली, एक शब्द न चोरता. सिस्टरांनी एका ठिकाणी अक्षर चुकल्याचं दाखवलं, तेही दुरुस्त केलं. मग यालिनची वही ओढून त्यांनी सही केली आणि सहीवर शिक्का इतक्या जोराने मारला की टेबल हललं.

"सोमवारी वेळेवर ये," ते म्हणाले. "सुई काढायला शहरभर धावलीस. तेवढं पुरे आहे मला."

यालिन वाकून नमस्कार करून वळली, तोच सर खाकरले.

"आजोबा खरंच जिंकत होते?"

"सलग सात डाव, सर."

"आणि काढल्यावर?"

"चार मिनिटांत हरले."

क्वांग सरांनी बराच वेळ दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नाही याची खात्री करून घेतली. मग ते उठून खाटेच्या कडेला बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोकं खाली वाकवलं.

"आज जेवण मेहुण्याकडे आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "अकरा वर्षं माजोंगमध्ये हरवतोय तो मला. मधोमध टोच. आडवी."

यालिनने सिस्टर फानकडे पाहिलं. सिस्टरांनी मानेनेच होकार दिला आणि नोंदवही उघडली. यालिनने जागा पुसली, नवी सुई काढली आणि मधोमध आडवी टोचली.

"आत एक," सिस्टर फान लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाहेर कधीची लिहू, सर?"

सर खुंटीवरची टोपी चाचपत होते.

"पहिला डाव हरलो की," ते म्हणाले, आणि टोपी जपून डोक्यावर ठेवून निघाले.