सुभेदार आबांचं बुटकं स्टूल

आमचे सुभेदार आबा कुठंही जाताना स्वतःचं स्टूल घेऊन जातात आणि त्याच्या शेजारी उभे राहतात. बारसं असो की ग्रामसभा, आबांची मोपेड येते, पायाजवळच्या जागेतून एक बुटकं लाकडी स्टूल उतरतं आणि सहा फुटी आबा त्याच्यावर पहारा दिल्यासारखे दोन दोन तास उभे. कुणी "बसा की आबा" म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "जागा भरल्याली हाय." त्या जागेवर माशीखेरीज कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

कुंडलजवळच्या आमच्या गावात रिटायर फौजी पुष्कळ. कुणाला द्राक्षाचं वेड, कुणाला तालमीचं. आबांना शाळेचं. मी इथं बाई म्हणून रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी माझी तपासणी घेतली. नळाला पाणी हाय का, संडासाला कडी हाय का. सगळं बघून म्हणाले, "ठीक हाय. पर काँगोची पोरं ह्यापरीस गुमान बसायची." आबा शांतिसेनेबरोबर वर्षभर आफ्रिकेत होते. तिथल्या खेड्यातली एक शाळा त्यांच्या डोक्यात अशी घर करून बसलीय, की आमचं स्नेहसंमेलनसुद्धा तिच्यापुढं फिकं पडतं.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. बुटाची नाडी बांधायला म्हणून त्या स्टुलावर टेकले मात्र, आबा कडाडले, "साहेब, उठा! जागा भरल्याली हाय!" साहेब नाडी तशीच सोडून उठले. ते गेल्यावर मी आबांवर चिडले. "कुणी भरलीय ही जागा? एकदा सांगून तरी टाका!"

आबांनी टोपी काढली. एरवी खणखणीत असलेला आवाज खाली आला.

"बाई, तिकडं शाळा आंब्याखाली. बाकं न्हाईत. पोरानं घरनं आपापलं स्टूल डोक्यावर आणायचं, सुटली की परत न्यायचं. एक पोरगी रोज लांब हुबी. घरात स्टूलच न्हाई. मास्तर बस म्हनायचा, पर ती लाजायची. मी आमच्या रेशनच्या खोक्याच्या फळ्या काढून ह्ये केलं. ऐतवार झाला की देतो म्हनलं. शनवारीच हुकूम आला, पल्टन हलली."

"मग इथं कशाला आणलंत?"

"टाकवंना," आबा म्हणाले.

त्यानंतर मी स्टुलाची थट्टा केली नाही. पण शहाणपण काही आलं नव्हतं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. त्यातली सात-आठ वर्षांची एक मुलगी रोज वर्गाच्या दारात उभी राहून फळा बघायची. मी तिच्या आईला सांगितलं, "आधीच्या शाळेचा कागद आणा, मग बसवू." कागदाशिवायही बसवता येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बाकं गच्च भरलेली, टोळी चार महिन्यांनी जाणार, नवा व्याप कशाला! आज सांगतानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी आबांनी तिला पाहिलं. स्टूल उचलून पहिल्या बाकापुढं ठेवलं आणि तिला म्हणाले, "बस, बाळा. तुजंच हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हजेरीपट उघडला, तिचं नाव विचारलं. "शीतल," ती म्हणाली आणि बसली. स्टूल तिला अगदी मापाचं झालं.

शाळा सुटली. शीतलनं सरळ स्टूल डोक्यावर घेतलं आणि टोळीच्या खोपीची वाट धरली. मी हाक मारणार, तेवढ्यात आबांनी हात आडवा केला.

"जाऊ द्या, बाई. तिकडं पोरं अशीच न्यायची."

ती उसाच्या आड दिसेनाशी होईपर्यंत आबा उभे होते. मग शाळेच्या पायरीवर खाली बसले. इतक्या वर्षांत आबांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.