आमच्याच भोपळ्यावर आमचीच बोली

चर्चमधल्या हंगामाच्या सणाला अँड्र्यूला दाराजवळ न बसवता पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी सगळं आपोआप झालं. (माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी अशाच होतात.)

अँड्र्यू सात वर्षांचा. त्याला एडीएचडी आहे, हे कळून वर्ष होत आलं. गेल्या नाताळच्या नाटकात तो मेंढरू होता, आणि गोष्ट हरवलेल्या मेंढराची नसतानाही हरवला. सापडला तो केकच्या टेबलाखाली. यंदा त्याला मेंढपाळ व्हायचं होतं. रात्री काठी उशाला घेऊन झोपायचा. संडे स्कूलच्या एलिझाबेथ टीचर म्हणाल्या, "लिलाव संपेपर्यंत एका जागी बसून दाखवलं, तर घेते."

माझ्या सासूबाई, स्टेलामम्मी, निर्धास्त होत्या. "मोठा झाला की बसेल. तू नव्हतीस का तशी? बेलापूरला तुझी आई तुला पेरूच्या झाडावरून उतरवून शाळेत न्यायची म्हणे. आता बघ किती शांत बसतेस."

शांत! डॉक्टरबाई वेगळंच सांगत होत्या. मोठेपणी पुष्कळांचं पळणं थांबतं, पण चुळबूळ आत जाते. माणूस खुर्चीत दिसतं, मन गावभर. मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं लहानपण कसं होतं?"

मी त्यांच्या काचेच्या टाकीतला मासा बघत होते. म्हणाले, "नारिंगी."

तर लिलाव. उपासनेनंतर आवारातल्या मांडवात मंडळींनी देवाला आणलेलं सगळं मांडलं होतं. ऊस, पेरू, बाजरीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सावेडीत आमच्या गच्चीवर वाढलेला लाल भोपळा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. यशयाकाका बोली पुकारत होते. मी अँड्र्यूचा हात घट्ट धरून बसले.

मांडवाच्या कापडातून ऊन पिवळं होऊन झिरपत होतं. ते भोपळ्याच्या खाचांत उतरलं, आणि बघता बघता त्या खाचांची बेलापूरच्या प्रवरेकाठची वाळू झाली, पाण्याने रेघा ओढलेली. मग पेरूचं झाड आलं. मी फांदीला उलटी लटकलेली. आभाळ पायाखाली, आणि डोक्यावर आईच्या वाळत घातलेल्या साड्या हलतायत. शेंड्याला एक पिकलेला पेरू. मी हात वर केला. थोडक्यात राहिला. पुन्हा केला. पेरू आणखी वर सरकला. काय गोड वास येत होता म्हणून सांगू.

"आई," अँड्र्यू कुजबुजला, "हात खाली घे."

"थांब रे, पोचतेच आहे."

"बाबा पण थांबत नाहीयेत."

"एक वार, दोन वार, तीन वार," यशयाकाकांनी टेबलावर थाप मारली. "भोपळा बायकांकडे गेला."

खांबामागून माझा नवरा, रॉबिन, डोकावला. त्याचा चेहरा उतरला.

"जास्मिन, तो हात तुझा होता?"

"तू कशाला बोली लावत होतास?"

"मम्मी म्हणाली, आपला भोपळा स्वस्तात जाऊ नये. जरा चढवून सोडणार होतो. पण पलीकडचा हात खालीच येईना. म्हटलं, कोण ही हट्टी बाई, बघूच."

(लग्नाला नऊ वर्षं झाली. हात ओळखला नाही.)

"देवाला वाहिलेलं परत घरी नेणारी तूच पहिली," स्टेलामम्मी म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अँड्र्यूचा हात माझ्या हातात नव्हता. कसा असेल? तोच हात मी वर केला होता. गेली काठी, गेला मेंढपाळ. घाबरत घाबरत शेजारी पाहिलं.

तो तिथेच होता. मांडी घालून, गालांवर हात ठेवून.

"मी हललोच नाही," तो म्हणाला. "तुमची फाइट बघत होतो."

एलिझाबेथ टीचर उठून आमच्याकडे आल्या. "पुतळ्यासारखं बसलं पोरगं. घेते त्याला."

माझे डोळे भरून आले. टीचर पुढेही काहीतरी सांगत होत्या. कोंबडीचं एक सुटं पीस उन्हात तरंगत खाली येत होतं. खाली यायचं, आणि वाऱ्याने पुन्हा वर जायचं. मी आपली ठामपणे मान डोलावत राहिले.

काय सांगत होत्या, ते घरी जाताना स्कूटरवर अँड्र्यूकडून कळलं.

"तालमीला बाबाच येणार. तू आलीस की बाकीच्या मुलांचं लक्ष उडतं. तू हो म्हणालीस."