आधी लिहा, मंग बोला

आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर मनोहरराव जेवायला येतानाही खिशात कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन येतात. एकदा तुमचे आजोबा पहिल्याच घासाला म्हणाले, "आमटी छान झालीय." डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. "झालं! आता मला पण छानच लागणार. आधी लिहा, मंग बोला."

मुलांनो, हे वाक्य नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. एक्स-रे काढला की डॉक्टर पेशंटच्या नावावर चिकटपट्टी लावतात आणि तो एक्स-रे दोन डॉक्टरांकडे पाठवतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता काय दिसतं ते लिहायचं. "एकानं कीड म्हणलं की दुसऱ्याला पण कीडच दिसते, वहिनी. हे एकमत न्हाई, भिडस्तपणा आहे." पेशंट कंटाळून दुसरीकडे जातात.

समोरच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा त्यांनी आईबापांना वेगळ्या खोल्यांत बसवून लिहायला लावलं. बापानं लिहिलं, 'होकार'. आईनं लिहिलं, 'मुलगा पितो'. स्थळ मोडलं. बाप अजून डॉक्टरांशी बोलत नाही. मुलगी मात्र दरवर्षी राखी बांधते.

गेल्या महिन्यात माझा जबडा दुखू लागला. एक्स-रे काढून मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पालथं केलं.

"हा मी बघणार न्हाई."

"इतक्या वर्षांचा शेजार, आणि बघणारसुद्धा नाही?"

त्यांनी पाकीट टेबलाच्या कडेला सरकवलं. मग म्हणाले, "सुमनचा मीच बघितला होता. म्हणलं, गळू आहे. मित्राला दाखवला. माझं ऐकून त्यानं पण मान हलवली. मला गळूच पाहिजे होतं, वहिनी."

सुमन त्यांची बायको. कर्करोग आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

चिकटपट्टी लावून माझा एक्स-रे दोघांकडे गेला. एकानं लिहिलं, साधी गाठ. दुसऱ्यानं, तुकडा काढून तपासा.

"दोघांचं जुळलं न्हाई. मंग तपासायचंच," डॉक्टर म्हणाले. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी खिशात ठेवल्या.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नका. मला साधीच गाठ दिसंल."

उद्या तपासणीसाठी संभाजीनगरला जायचं आहे. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझ्याच्यानं धड बोलवणार नाही, म्हणून आधी लिहिलं. डॉक्टर बरोबर येणार आहेत. पाकीट त्यांच्याकडेच आहे, टेबलावर पालथं. पंख्याच्या वाऱ्यानं उलटू नये म्हणून त्यांनी वर पाण्याचा भरलेला तांब्या ठेवलाय.