शिरसाट काकांचं पंक्चर

शिरसाट काकांची सायकल जाताना कधीच पंक्चर होत नाही. ती होते पर्सेलव्हिलला, वाट संपते त्या जुन्या स्टेशनाच्या दारात, आणि तेही शनिवारीच.

अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमधून जुन्या रेल्वेची वाट जाते. रूळ कधीच उखडले, आता तिथे सायकली पळतात. काका माझे शेजारी. नाशिकला पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते, रिटायर झाल्यावर मुलाकडे, निखिलकडे राहायला आले. हेल्मेटखाली माकडटोपी, आणि समोर कोणी दिसलं की घंटी वाजवून, "डावीकडून येतोय हं!" अमेरिकन माणसं हसत बाजूला होतात.

सायकलला मागे भली मोठी पिशवी. पाने, पंप, ठिगळं, पॉलिश पेपर, सुतळीसुद्धा. "तयारी असावी माणसाची," हे त्यांचं पालुपद. आणि एवढ्या तयारीचा हा माणूस दर शनिवारी मला फोन करायचा. "अगं, गाडी काढतेस का? पंक्चर झालंय. निखिल बिझी आहे, आणि नेमकं सोल्युशन घरी राहिलं." मी कुरकुरत जायची, सायकल रॅकवर चढवायची, आणि काका घरापर्यंत अखंड बोलायचे.

गेल्या महिन्यात म्हटलं, एकदा आपणही सायकलने जाऊन बघू. लीसबर्गच्या पुढे चढाला माझा जीव घशाशी आला. काका पुढून ओरडत होते, "आगगाडीचा चढ आहे हा! इंजिनं चढली, तू नाही चढणार?"

वाटेत एक मुलगी टायर काढून हताश बसली होती. काका उतरले. ट्यूब घासली, पिशवीतून सोल्युशन निघालं, एक नाही, चांगल्या तीन ट्यूबा. ठिगळ बसलं, हवा भरली, मुलीचं थँक्यू संपेपर्यंत काका पुन्हा सायकलवर. माझ्याकडे मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

पर्सेलव्हिलला बाकावर बसून थालीपीठ खाताना ते आपणहून म्हणाले, "आधी निखिललाच फोन करतो गं मी. तो म्हणतो, बाबा, कॉलवर आहे, कॅब बुक करा." मग थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाले, "घरात त्याच्यासमोर लॅपटॉप असतो. गाडीत हात स्टिअरिंगवर असतात, तेव्हा बोलतो तो."

काका बाटली भरायला गेले, तसं मी माझ्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नख दाबून हवा सोडली आणि फोन लावला. "निखिल, पर्सेलव्हिलला अडकलोय. पंक्चर. काकांचं नाही रे, माझं." शेजारणीला कॅब बुक कर म्हणायची काही त्याची हिंमत झाली नाही.

काका परत आले. त्यांनी टायर दाबून पाहिला, सवयीने हात पिशवीकडे गेला.

"काका, सोल्युशन घरी राहिलं ना?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीची चेन हळूच बंद केली.

निखिल आला. काका पुढे बसले, मी मागे. लीसबर्ग आलं तरी दोघंही गप्प. माझ्याशी तासभर बोलणारे काका नुसते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, फुकट गेली माझी हवा.

तेवढ्यात निखिल म्हणाला, "बाबा, तुम्ही मला सायकल शिकवली, ते ग्राउंड अजून आहे का हो?"

काका खिडकीकडून त्याच्याकडे वळले. "हळू चालव," ते म्हणाले. "सांगतो सगळं."